रूळ येण्याआधी आलापल्लीचा नकाशा

आलापल्लीच्या मुख्य चौकात उभे राहिले की दक्षिण गडचिरोलीचा भूगोल समजतो. एक रस्ता आष्टीवरून चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे जातो, दुसरा अहेरीला, तिसरा सिरोंच्याला, चौथा एटापल्लीला आणि पाचवा जंगलातून हेमलकसा-भामरागडला. भामरागडचा रुग्ण, एटापल्लीचा कॉलेजात शिकणारा मुलगा, सिरोंच्याचा मिरची पिकवणारा शेतकरी, सगळ्यांची वाट या चौकातून जाते. पहाटे पाचला इथे एसटीची वाट पाहणाऱ्या माणसांच्या हातात एक्स-रेचे पिवळे पाकीट, तहसीलच्या कागदांची पिशवी किंवा वसतिगृहात न्यायची पत्र्याची पेटी असते. आलापल्ली कागदोपत्री ग्रामपंचायत आहे. कामाने मात्र ते चार तालुक्यांचे जंक्शन आहे.

या जंक्शनला रेल्वे नाही. चंद्रपूर-बल्लारशाची स्टेशने शंभर किलोमीटरहून दूर. प्राणहितेवर वांगेपल्ली-गुडेमचा पूल झाल्यापासून तेलंगणातले कागजनगर जवळ पडते, म्हणून अहेरी-आलापल्लीची माणसे गाडी पकडायला राज्य ओलांडून जातात. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हापासून त्याच्या वाट्याला वडसा हे एकच स्टेशन आहे. तेही पार उत्तरेच्या टोकाला.

आता चित्र हलू लागले आहे. वडसा ते गडचिरोली हा सुमारे ५२ किलोमीटरचा, वर्षानुवर्षे रखडलेला मार्ग बांधला जात आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशा या २४० किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला ४,८१९ कोटी रुपये मंजूर केले. गडचिरोलीहून बिजापूरमार्गे बस्तरमधल्या बचेलीपर्यंत ४९० किलोमीटर लाइनच्या अंतिम सर्वेक्षणालाही रेल्वे मंत्रालयाने संमती दिली आहे. यामागे कारण लोखंडाचे आहे. एटापल्ली तालुक्यात सूरजागडची खाण, चामोर्शी तालुक्यात कोनसरीचा कारखाना आणि जिल्ह्याला पोलादाचे केंद्र करण्याची सरकारची घोषणा. रूळ दक्षिणेकडे सरकले तर आलापल्ली परिसराचा विचार टाळता येणार नाही. म्हणून स्टेशन कुठे असावे, भोवतालची जमीन कशी वापरावी आणि हे कोणी ठरवावे, हे प्रश्न आजच विचारायचे आहेत. सर्वेक्षणाच्या खुणा रोवल्या गेल्यावर विचारले, तर ते वरातीमागून घोडे होईल.

स्टेशनाभोवती शहर कसे वसवावे याचे एक शास्त्र आहे. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २०१७ मध्ये त्याचे राष्ट्रीय धोरण काढले. त्याचे सूत्र सोपे आहे. स्टेशनापासून ५०० ते ८०० मीटर, म्हणजे दहा-बारा मिनिटे चालण्याच्या अंतरात घरे, दुकाने, शाळा, कचेऱ्या दाटीने याव्यात, पायी चालणाऱ्याला सावली आणि पदपथ मिळावा, खासगी वाहनाची गरज कमी व्हावी. नागपूर मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरच्या पट्ट्यात जादा चटईक्षेत्र दिले गेले ते याच विचाराने. जमिनीचा भाव वाढतो, त्यातला वाटा सरकार वसूल करते आणि तो पैसा मार्गाच्या उभारणीत वळवते.

पण या सूत्राच्या पोटात एक अट दडलेली आहे. गाड्या वरचेवर हव्यात. मेट्रो दर काही मिनिटांनी येते म्हणून माणूस मोटारसायकल घरी ठेवतो. दिवसाला दोन-चार पॅसेंजर थांबतील अशा स्टेशनाभोवती चार मजली इमारतींना परवानगी दिली, तर ती फक्त जमिनीची खरेदी-विक्री ठरेल. आलापल्लीसाठी नागपूरचा नियम उचलून चालणार नाही. इथे वरचेवर धावते ती एसटी आणि काळी-पिवळी. स्टेशनाची योजना रेल्वेच्या आधी बसपासून सुरू करावी लागेल.

आपल्याच मुलखात रेल्वेने काय केले, हे पाहिले की पुढचे बरेच स्पष्ट होते. वर्धा-वरोरा लाइन १८७७ मध्ये आली ती वरोऱ्याच्या कोळशासाठी. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली. लाइन बल्लारपूरपर्यंत वाढली आणि १९२९ मध्ये काझीपेठला जोडली गेली. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट ही छोटी लाइन १९०८ ते १९१३ च्या दरम्यान टाकली. या दोन लाइनींसाठी एकाच गावात, चंद्रपुरात, दोन वेगळी स्टेशने ठेवली गेली. शंभर वर्षांनंतरही चंद्रपूर आणि चांदा फोर्ट ही दोन स्टेशने शहराच्या दोन बाजूंना आहेत, आणि एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची तर सामान घेऊन ऑटोत बसावे लागते. एका पिढीने केलेली आखणी पुढच्या चार पिढ्यांना भोवते, त्याचे याहून ठळक उदाहरण आपल्याकडे नाही.

कोकण रेल्वेचा अनुभव तर बहुतेक वाचकांच्या अंगवळणी पडला आहे. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी पूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर, बोगदे, चढ-उतार यांच्या हिशेबाने लाइन आखली गेली, म्हणून रत्नागिरी, सावंतवाडीसारखी स्टेशने गावापासून कित्येक किलोमीटर दूर पडली. मुंबईहून आलेला माणूस पहाटे उतरतो आणि घरी पोहोचण्यासाठी रिक्षावाल्याशी भाव करतो. रेल्वेचे इंजिनिअर चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे चढ आणि वळणाची गणिते होती. गावाच्या बाजूने गणित मांडणारे त्या टेबलावर कोणी नव्हते, इतकेच.

उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईची आखणी सुरू झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ही कल्पना १९६५ मध्ये मांडली होती. मानखुर्द-बेलापूर रेल्वेसाठी सिडकोने खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, उरलेला रेल्वेने. १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. वाशी, नेरूळ, बेलापूर ही स्टेशने शहराच्या मध्यभागी धरून आखली गेली. स्टेशनाच्या डोक्यावर कचेऱ्या आल्या, पायथ्याशी बस आणि बाजार. स्टेशनापाशी वाढलेल्या जमिनीच्या किमतीतून रेल्वेचा पैसा उभा राहू शकतो, हे तिथे दिसले.

त्या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आलापल्लीला नवी मुंबईचा दाखला देणे अन्यायाचे होईल. ही जमीन ठाणे-उरण-पनवेलच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. स्टेशन आधी आणि जमीनमालकाचा वाटा नंतर, या क्रमाची किंमत पाच कुटुंबांनी प्राणाने मोजली.

गडचिरोलीत हा क्रम बदलण्याची कायदेशीर सोय आहे. जिल्ह्याचा मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो. १९९६ चा पेसा कायदा जमीन संपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६ अ आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर बंधन घालते. विक्रीच काय, गहाण आणि भाडेपट्ट्यालाही परवानगी लागते. म्हणूनच शहरी धोरणातले नेहमीचे हत्यार, म्हणजे भूखंड लिलावात काढून पैसा उभा करणे, इथे चालत नाही आणि चालू नये. आडवाटेने, दुसऱ्याच्या नावावर जमीन घेण्याचे प्रकार मात्र रेल्वेच्या नुसत्या चाहुलीने वाढू शकतात. स्टेशनाची जागा जाहीर होण्याआधी महसूल खात्याने त्या पट्ट्यातले सातबारे तपासून ठेवायला हवेत.

मला सर्वांत योग्य वाटतो तो मार्ग जुना आहे. नगररचना योजनेची कल्पना मुंबई इलाख्यात १९१५ च्या कायद्याने आली आणि आजच्या १९६६ च्या कायद्यातही आहे. त्यात जमीन कायमची काढून घेतली जात नाही. सगळ्यांचे तुकडे एकत्र करायचे, रस्ते, शाळा, मैदान यांची जागा सोडायची आणि प्रत्येकाला त्याच परिसरात नीट आकाराचा, रस्त्यालगतचा छोटा भूखंड परत द्यायचा. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला ही पद्धत वापरली गेली. मालकी मूळ कुटुंबाकडेच राहते, त्यामुळे ३६ अ च्या हेतूला ती जवळची आहे. अडचण अशी की ग्रामपंचायतीला नियोजन प्राधिकरणाचा अधिकार नाही. आलापल्लीसाठी शासनाला वेगळी व्यवस्था करावी लागेल, आणि तिच्यात ग्रामसभेची संमती पहिली पायरी म्हणून लिहावी लागेल. बाहेरून आलेल्या प्राधिकरणाने नकाशा करून नंतर ग्रामसभेची सही घेणे, हे मेंढा-लेखाच्या जिल्ह्यात शोभणार नाही. धानोरा तालुक्यातल्या त्या गावाने २००९ मध्ये १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. मालाची वाहतूक कोणाच्या परवानगीने होते, हा प्रश्न या जिल्ह्याने देशाला शिकवला आहे.

आता जंगलाकडे वळू. आलापल्लीचे नाव सागावर उभे आहे. वनविभागाच्या आगारात सागाचे लठ्ठे थरांनी रचलेले असतात. प्रत्येकाच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा ठसा, क्रमांक, लांबी आणि घेर लिहिलेला. लठ्ठा कोणत्या कूपातून, म्हणजे तोडीच्या पट्ट्यातून आला, हे त्यावरून सांगता येते. कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती एकेकाळी हीच लाकडे ओढत. भामरागड रस्त्यावर सुमारे सोळा किलोमीटर गेले की 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा साधारण सहा हेक्टरांचा जुन्या सागाचा तुकडा लागतो. २०१४ मध्ये राज्याने त्याला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. अशा गावात स्टेशनाभोवती दाट वस्ती करण्याचे खरे कारण जंगल हेच आहे. वस्ती एका किलोमीटरच्या आत आटोपली नाही, तर ती पाचही रस्त्यांच्या कडेने धाबे, गॅरेज, गोदामे अशी पसरत जाते आणि प्रत्येक रस्ता जंगलाला चिरतो.

रूळ जंगलाचे काय करतात, हेही इथे घडून गेले आहे. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूरजवळ जुनोना-चिचपल्लीच्या जंगलात गोंदिया-बल्लारशा लाइनवर वाघाचे तीन बछडे गाडीखाली मेले. तीनही सहा महिन्यांच्या आसपासचे. नव्या लाइनवर प्राण्यांसाठी भुयारी मार्ग, उंच पूल आणि रात्रीचा मर्यादित वेग यांचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकात धरावा. नंतर भर घातली की किंमत वाढते आणि काम रखडते.

खनिजाच्या मालगाड्यांचे काय? सूरजागडच्या ट्रकांनी आलापल्ली-आष्टी रस्त्याची काय दशा केली, हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. धूळ, खड्डे, अपघात, आंदोलने, सगळे झाले. खाणीजवळच्या हेडरीहून कोनसरीपर्यंत खनिजाची नळवाहिनी आल्याने त्याचा काही भार रस्त्यावरून उतरेल. रेल्वे आली तर तोच प्रश्न रुळांवर चढणार आहे. म्हणून खनिजाची सायडिंग आणि प्रवासी स्टेशन एका ठिकाणी असू नयेत. सायडिंग वस्तीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून. प्रवासी स्टेशन चौकापासून चालत जाता येईल इतके जवळ. फाटकावर मालगाड्यांच्या रांगेमुळे गरोदर बाईची रुग्णवाहिका अडकणार नाही, यासाठी रस्त्यावरचा पूल स्टेशनासोबतच बांधायचा.

स्टेशनाच्या आवारात पहिली जागा एसटीची. अहेरी आगाराच्या बसगाड्या स्टेशनाच्या दारात याव्यात आणि त्यांच्या वेळा रेल्वेच्या वेळांशी जुळाव्यात. १ जानेवारी २०२५ रोजी वांगेतुरी-गर्देवाडा या गावांकडून अहेरीला पहिल्यांदा एसटी सुरू झाली. त्या गावांतल्या माणसासाठी चंद्रपूरचे हॉस्पिटल जवळ येते ते बस आणि गाडी एकमेकींची वाट पाहतील तेव्हाच. शेवटची गाडी चुकली तर रात्र काढायला स्वच्छ, बायकांना सुरक्षित वाटेल असे निवासगृह हवे. आज अशी रात्र बसस्थानकाच्या बाकावर काढतात. शेजारी आठवडी बाजाराची पक्की, छपराची जागा आणि मोहफुले, हिरडा, तेंदूपत्ता साठवायला ग्रामसभांच्या मालकीचे गोदाम. तेंदूपत्त्याचे वाळवलेले पुडे पावसाआधी हलवावे लागतात. चार दिवस माल कोरडा ठेवता आला, तरी व्यापाऱ्याशी बोलताना घाई राहत नाही. बाजारातले गाळे ग्रामपंचायतीच्या नावे राहावेत. स्टेशनामुळे वाढलेल्या किमतीचा वाटा गावाला मिळण्याचा इथे चालू शकेल असा तो मार्ग आहे. सूचना माडिया, तेलुगू आणि मराठीत लागाव्यात, कारण इथल्या बाजारात या तीनही भाषा ऐकू येतात.

हे सगळे कोणी मांडायचे? गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे आणि ग्रामसभांच्या प्रशिक्षणाचे काम ते करते. नागपुरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत नियोजनाचा विभाग आहे. आलापल्ली, नागेपल्ली, अहेरी परिसरातल्या ग्रामसभांनी या दोघांना सोबत घेऊन एक नकाशा करावा. त्यात सातबारा, वनहक्काचे दावे, नाले, हत्ती-वाघांच्या वाटा, बाजाराची जागा, दवाखाना, आणि चौकापासून दहा मिनिटे चालण्याचे वर्तुळ असावे. ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत रेल्वेच्या बांधकाम विभागाकडे आणि नगररचना संचालकांकडे पाठवावा. अंतिम सर्वेक्षणात लाइनचे पर्याय तपासले जातात, आणि एखादा पर्याय वस्तीला अर्धा किलोमीटर जवळ आणणे त्या टप्प्यावर कागदावरची रेघ सरकवण्याइतके स्वस्त असते. मातीकाम सुरू झाल्यावर त्याच अर्ध्या किलोमीटरला कोट्यवधी रुपये लागतात.