बिली मेरेडिथ आणि चार पौंडांचे फर्मान

२०२४ च्या ३० जुलै रोजी बिली मेरेडिथच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण झाली; परंतु जी मराठी वृत्तपत्रे एकेका फुटबॉलपटूच्या क्लबबदलाचे कोट्यवधींचे आकडे पेठेतील भावाप्रमाणे प्रत्यही छापतात, त्यांपैकी मी वाचतो त्या एकाही पत्रात त्याच्याविषयी चार ओळी आढळल्या नाहीत. ही उपेक्षा मला बोचली, कारण आपल्या कौशल्याचा मोबदला मागण्याचा जो अधिकार आजच्या खेळाडूला जन्मसिद्ध वाटतो, त्याची फिर्याद प्रथम गुदरणाऱ्यांत वेल्सच्या खाणीतून वर आलेला हा मनुष्य अग्रभागी होता.

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवरील चर्क गावानजीक ब्लॅक पार्क येथे तो जन्मला, आणि वयाच्या बाराव्या वर्षी तेथल्याच कोळशाच्या खाणीत तट्टे हाकण्याच्या कामावर लागला. १८९४ साली मँचेस्टर सिटी क्लबने त्याला बोलावले, तेव्हा मुलाने खेळाचे पैसे घ्यावेत हे आईला रुचले नव्हते. आणि मुलानेही आरंभीचा काही काळ खाणीतली नोकरी सोडली नाही, आठवडाभर भूगर्भात राबावे आणि शनिवारी आगगाडीने सामन्याला जावे असा त्याचा क्रम होता. उजव्या बगलेवरून दातांत काडी धरून धावणाऱ्या त्या खेळाडूच्या चापल्याची वर्णने विपुल झाली आहेत, म्हणून ती वर्षे मी ओलांडून जातो.

१९०१ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने असे फर्मान काढले की कोणत्याही खेळाडूस आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन देऊ नये, आणि सामना जिंकल्याबद्दल बक्षिसीही देऊ नये. कराराची मुदत सरली तरी क्लबच्या अनुमतीवाचून दुसरीकडे जाता येऊ नये, हा निर्बंध होताच. ज्यांना उदरनिर्वाहासाठी खेळण्याची गरज कधी पडली नव्हती अशा सद्गृहस्थांनी, ज्यांच्यापाशी दोन पायांखेरीज दुसरे भांडवल नव्हते अशांच्या मिळकतीवर घातलेली ही मर्यादा मला आजही अन्यायाची वाटते. १९०४ च्या एप्रिलमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर असोसिएशनच्या करंडकाच्या अंतिम सामन्यात बोल्टनविरुद्ध एकमेव गोल करून मेरेडिथने कप्तान या नात्याने सिटीला करंडक मिळवून दिला. दरवाजावर जमलेल्या रकमेला मर्यादा नव्हती, त्याच्या वेतनाला मात्र होती.

पुढच्याच वर्षी ॲस्टन व्हिलाच्या ॲलेक लीकला दहा पौंड देऊ केल्याच्या आरोपावरून मेरेडिथवर खेळबंदी आली. लाच देऊ करणे हा अपराधच होय, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु हे आपण क्लबसाठीच केले असे त्याने पुढे सांगितले, आणि बंदीच्या काळात क्लबने हात वर केले तेव्हा त्याने तोंड उघडले. हिशेबतपासनिसाने सिटीचे दप्तर उलगडले, आणि मर्यादेबाहेरची देणी उजेडात आली. १९०६ साली सतरा खेळाडूंना दंड व बंदी झाली, आणि तो सारा संघ विक्रीस निघाला. मेरेडिथ मँचेस्टर युनायटेडकडे गेला.

१९०७ च्या वसंतात युनायटेडच्या राखीव संघाचा टॉमस ब्लॅकस्टॉक चेंडू डोक्याने मारल्यावर मैदानातच कोसळून मरण पावला. मृत्यू नैसर्गिक ठरला, आणि कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. त्याच वर्षी २ डिसेंबरला मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षस्थानी मेरेडिथ होता. १९०९ च्या उन्हाळ्यात असोसिएशनने हुकूम सोडला की संघटना सोडा, नाहीतर नोंदणी रद्द होईल. बहुतेक ठिकाणचे खेळाडू नमले. युनायटेडचे नमले नाहीत. कप्तान चार्ली रॉबर्ट्सने पाटीवर ‘बहिष्कृत’ असे नाव लिहवून आपल्या सहकाऱ्यांसह छायाचित्र काढून घेतले. ऑगस्टअखेर तडजोड झाली आणि संघटना टिकली, परंतु इतर कामगार संघटनांच्या महासंघाशी असलेले नाते तिला पुढे तोडावे लागले, आणि वेतनाची मर्यादा कायम राहिली. त्याच वर्षी वॉकर विरुद्ध क्रिस्टल पॅलेस क्लब या खटल्यात अपील न्यायालयाने निर्वाळा दिला की व्यावसायिक फुटबॉलपटू हा नुकसानभरपाईच्या कायद्यान्वये कामगारच आहे.

हा निर्वाळा मला विशेष मोलाचा वाटतो, कारण आमच्या तारुण्यात, १९७० नंतरच्या दशकात, मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळणाऱ्या कित्येकांची नावे गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या हजेरीपटावर कारकून म्हणून असत. माझ्या परिचयातल्या एका उमद्या बचावपटूचा गुडघा मैदानात निकामी झाला, तेव्हा त्याच्या मालकांनी दुखापत कामावर झालेली नाही असे कळवून हात झटकले, आणि आम्ही सर्वांनी ते मुकाट्याने ऐकून घेतले. आमच्याकडे मेरेडिथ निपजला नाही, याची खंत मला त्या दिवसापासून आहे.

उत्तरायुष्य थोडक्यात सांगता येते. वेल्ससाठी तो अठ्ठेचाळीस सामने खेळला, १९२० साली पंचेचाळिसाव्या वर्षी इंग्लंडविरुद्ध विजय पाहून त्याने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला, आणि १९२४ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, पुन्हा सिटीच्याच वेषात करंडकाचा उपांत्य सामना खेळून तो थांबला. ब्लॅक पार्कची खाण त्याच्या हयातीतच बंद पडली. १९५८ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टर येथे तो वारला. त्याच्या थडग्यावर नावाचा दगड बसण्यास २००१ साल उजाडावे लागले, आणि तो खर्च उचलणाऱ्यांत खेळाडूंची संघटनाही होती. कमाल वेतनाचा नियम इंग्लंडमध्ये १९६१ च्या जानेवारीत रद्द झाला, त्या वेळी ती मर्यादा वीस पौंडांवर पोहोचली होती, आणि मेरेडिथच्या मृत्यूला पावणेतीन वर्षे लोटली होती.