ठेवणीतले कपडे आणि बदललेले माप

मराठी मध्यमवर्गीय घरात पुरुषाच्या कपड्यांची विभागणी घरातले, रोजचे आणि ठेवणीतले अशी होत आली असून, पन्नाशीच्या पुरुषाचे कपाट कालबाह्य झाले असे जेव्हा जाणवते, तेव्हा त्याचे मूळ बहुधा या तिसऱ्या वर्गात सापडते. लग्नकार्यासाठी शिवलेला सूट किंवा आहेरातल्या शर्टपीस-पँटपीसमधून शिवलेला जोड वर्षातून दोनचारदाच अंगाला लागतो. तो विरत नाही म्हणून टाकवत नाही, आणि ज्या शरीरावर तो बेतला होता ते शरीर मात्र दरम्यान बदललेले असते. कापड जपून वापरण्याच्या काळात घडलेली ही सवय हिणवण्याजोगी मुळीच नाही. चूक फक्त एवढीच, की कपडा टिकला म्हणजे मापही टिकले असे गृहीत धरले जाते.

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि चरबी पोटाभोवती साठू लागते, त्यामुळे नुसता कमरेचा घेर वाढत नाही, तर कपड्याचा सगळा तोल बिघडतो. पँट पोटाखाली उतरते, मागे कापड लोंबते आणि मोहरी, म्हणजे पायाच्या टोकाकडचा घेर, बुटावर गोळा होते. शर्टाची बटणे ताणली गेली की पुष्कळजण सरळ मोठे माप घेतात. पण मग खांद्याची शिवण दंडावर ओघळते आणि माणूस आहे त्याहून थकलेला दिसतो. म्हणून शर्ट निवडताना ही शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी बसते का, हे सर्वांत आधी पाहावे. १९९०च्या दशकात रूढ असलेल्या चुण्यांच्या पँटला, म्हणजे कमरपट्ट्याखाली कापडाच्या घड्या घातलेल्या पँटला, उगाच दोष दिला जातो. चुण्या बसताना मांडीला मोकळीक देतात, आणि त्या विस्फारलेल्या दिसतात त्या कंबर घट्ट झाल्यामुळे.

कापडाचा विचार मात्र अधिक गंभीरपणे व्हायला हवा. जुन्या कपाटात भरणा असतो तो टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांच्या मिश्र कापडाचा. १९४१ साली इंग्लंडमध्ये विनफील्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीन हा पॉलिएस्टर धागा शोधला. त्याच्या मिश्रणाचे कापड चुरगळत नाही, लवकर वाळते आणि वर्षानुवर्षे टिकते, म्हणून नोकरदार घरांनी ते आपलेसे केले. परंतु सर्वसाधारण दमट हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के आर्द्रता धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे मुंबईच्या किंवा कोकणच्या घामट हवेत असे कापड अंगाला चिकटते, आणि तिथे सुती शर्टाला इस्त्रीचे कष्ट पडले तरी तोच घेणे हिताचे ठरते.

नव्या खरेदीआधी जुने कपडे शिंप्याला दाखवावेत. चांगला शिंपी शिवणीच्या आत जादा कापड राखतो, त्याला मराठीत ‘माया’ असा सुरेख शब्द आहे. पँटच्या मागच्या शिवणीत ती पुरेशी असेल तर कंबर इंच-दीड इंच सैल करता येते, आणि मोहरी अरुंद करणे तर त्याहून सोपे असते. शर्टाचा घेरही आत घेता येतो, मात्र खांदा बदलायचा म्हणजे बाही उसवून पुन्हा बसवावी लागते, आणि ते काम बहुतेक शिंपी टाळतात.