जारमधली फाइल सापडत का नाही?

जावाचा प्रोग्रॅम आयडीईमध्ये व्यवस्थित चालतो. मेव्हन किंवा ग्रेडलने जार बांधून ती सर्व्हरवर टाकली, की तोच प्रोग्रॅम ‘फाइल सापडली नाही’ म्हणून कोसळतो, आणि खापर बिल्ड टूलच्या डोक्यावर फुटतं. टूलने बहुतेक वेळा आपलं काम चोख केलेलं असतं. चुकते ती शोधण्याची पद्धत.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की ‘एसआरसी/मेन/रिसोर्सेस’ हा पत्ता प्रोग्रॅम चालू असतानाही खरा असतो. तो फक्त बिल्डपुरता आहे. तिथल्या फायली मेव्हन ‘टार्गेट/क्लासेस’मध्ये उतरवतं, ग्रेडल ‘बिल्ड/रिसोर्सेस/मेन’मध्ये. जार बनताना त्या थेट जारच्या मुळाशी जातात. ‘एसआरसी’ मागेच राहतं. आयडीईमध्ये सगळं जुळतं, कारण तिथे चालू फोल्डर बहुधा प्रोजेक्टचंच असतं. सिस्टमडीची सेवा म्हणून तीच जार चालवली आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर चालू फोल्डर असतं मूळ डिरेक्टरी. क्रॉनमधून चालवली तर युजरचं होम. सापेक्ष पत्ता नेहमी या चालू फोल्डरपासून मोजला जातो. जार कुठे ठेवली आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

इथवर समजलेले लोकही पुढच्या पायरीवर अडखळतात. गेटरिसोर्सने यूआरएल मिळवायची, तिच्यापासून फाइल ऑब्जेक्ट बनवायचा आणि तो उघडायचा. आयडीईत हे चालतं, कारण तिथे फाइल खरोखरच डिस्कवर सुटी पडलेली असते. जार मात्र झिपच असते. तिच्या आतली नोंद ऑपरेटिंग सिस्टमच्या लेखी फाइल नव्हेच. एररमधला पत्ता नीट वाचला तर ‘अ‍ॅप.जार!/फॉन्ट्स/मराठी.टीटीएफ’ असं काहीतरी दिसेल. ते उद्गारचिन्ह महत्त्वाचं आहे: जार तिथे संपते, पुढचं सगळं तिच्या पोटात. म्हणून पत्ता मागूच नये, गेटरिसोर्सअ‍ॅजस्ट्रीमने मजकूरच मागावा. फॉन्टसाठीची क्रिएटफॉन्ट मेथड स्ट्रीम आनंदाने घेते. एखादी लायब्ररी हट्टाने फाइलच मागत असेल, तर स्ट्रीममधून तात्पुरती फाइल लिहून ती द्यावी.

रिसोर्सच्या नावाच्या सुरुवातीची तिरकी रेघ असली काय नि नसली काय, असंही अनेकांना वाटतं. फरक मोठा आहे. क्लासकडे मागताना रेघ दिली तर शोध मुळापासून होतो, नाही दिली तर त्या क्लासच्या पॅकेजमध्ये. क्लासलोडरकडे मागताना नाव नेहमी मुळापासूनच धरलं जातं, तिथे रेघ देऊच नये. चूक झाली तरी एक्सेप्शन येत नाही, गुपचूप नल मिळतो आणि प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर कोसळतो. म्हणून नल तिथल्या तिथे तपासावा आणि एररमध्ये रिसोर्सचं पूर्ण नाव लिहावं. एवढी एक सवय तासन् तास वाचवते.

विंडोजवर चालणारं नाव जारमध्येही चालेल, हेही खरं नाही. जारमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी मानली जातात.

शेवटचा गैरसमज कमी ऐकू येतो, पण मराठी रिपोर्ट छापणाऱ्यांना हमखास गाठतो: फाइल जारमध्ये पोचली म्हणजे ती जशीच्या तशीच पोचली. मेव्हनमध्ये फिल्टरिंग चालू असेल, तर प्रत्येक रिसोर्स मजकूर समजून वाचला जातो, त्यातल्या खुणांच्या जागी किमती भरल्या जातात आणि तो पुन्हा लिहिला जातो. जेपीजी, पीएनजी अशी नेहमीची चित्रं मेव्हन आपणहून वगळतं. टीटीएफ फॉन्ट वगळत नाही. मग देवनागरी फॉन्ट सापडतो, पण उघडत नाही, कारण त्याचे बाइट बिघडलेले असतात. ‘जार टीएफ’ या आदेशाने जारमधली यादी पाहिली तर नाव जागेवर दिसतं आणि संशय भलतीकडे जातो. अशा वेळी जार उलगडून आतल्या फॉन्टचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहावा. तो वेगळा निघाला, तर फॉन्ट फिल्टरिंग बंद असलेल्या स्वतंत्र रिसोर्स फोल्डरमध्ये हलवावेत, किंवा रिसोर्सेस प्लगिनच्या वगळायच्या एक्स्टेन्शनांमध्ये टीटीएफची भर घालावी.