घरातली बुद्ध पौर्णिमा: लहान असावी, लपलेली नसावी

वैशाख पौर्णिमा जवळ आली की वस्तीत वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागतात. मंडप, रोषणाई, मिरवणूक, खीरदान यांचे हिशेब मांडले जातात. याच दिवसांत काही तरुण कार्यकर्ते आम्हाला जरा दबक्या आवाजात विचारतात, "यंदा घरातच करावी म्हणतोय. आई-बाबा, भाऊ-वहिनी, दोन-तीन मित्र, बस. पण समाजाकडे पाठ फिरवल्यासारखं तर नाही ना होणार?"

आमचे उत्तर असे की जरूर करा. फक्त सण लहान का करतो आहोत, हे स्वतःला नीट विचारून घ्या. कारण लहान सणामागची कारणे दोन असतात आणि दोन्हींमध्ये मोठे अंतर आहे.

आधी मिरवणुकीबद्दल

हा लेख मिरवणुकीच्या विरोधात नाही. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्यासाठी रस्त्यावरून निळे आणि पंचशील झेंडे घेऊन जाणे म्हणजे सार्वजनिक जागेवरचा हक्क बजावणे असते. इतरांच्या सणांत दहा-दहा दिवस वाजणारे ढोल ज्यांना ऐकू येत नाहीत, त्यांनी आपल्याला साधेपणाचे धडे देऊ नयेत.

सार्वजनिक सोहळा आपल्या चळवळीच्या मुळातच आहे. २४ मे १९५६ रोजी, बुद्ध जयंतीच्या दिवशी, मुंबईच्या नरे पार्कवरील सभेत बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्म स्वीकारणार असल्याचे जाहीर केले. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी उघड्या मैदानावर दीक्षा घेतली. ती दीक्षा बंद दाराआड झाली नाही, हेच तिचे बळ होते.

पण सार्वजनिक सोहळ्याचे काम वेगळे आणि घरातल्या सोहळ्याचे वेगळे. आम्ही आहोत, हे मिरवणूक जगाला सांगते. आपण कोण आहोत आणि कसे जगायचे, हे मुलांना घरात कळते. पहिले काम मंडळे जोमाने करत आहेत. दुसरे मात्र बऱ्याच घरांत मागे पडले आहे. वर्षभर विहाराची पायरी न चढलेली, पंचशीलाचा अर्थ विचारला तर गप्प होणारी, पण मिरवणुकीत सर्वात पुढे असणारी मुले आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. दोष मुलांचा नाही. त्यांच्याशी निवांत बसून बोलणारे कुणी नव्हते.

लहान आणि लपलेले

आता दुसऱ्या कारणाकडे वळू. शहरात भाड्याने राहणारी कितीतरी बौद्ध कुटुंबे सण घरात करतात, पण त्यांनी तसे ठरवलेले नसते. त्यांना भीती असते. घर शोधताना आडनाव विचारले जाते, खायचे काय ते विचारले जाते, आणि मग अचानक घर दुसऱ्याला दिलेले असते. एकदा हे भोगले की माणूस सावध होतो. बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत जातो.

आमच्या ओळखीचे असेच एक तरुण जोडपे आहे. पौर्णिमेला पडदे ओढून, हळू आवाजात वंदना चालली होती. पाच वर्षांच्या मुलीने विचारले, "आपण हळू का बोलतोय? कोण झोपलंय?" आई-बाबांकडे उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी वंदना नेहमीच्या आवाजात म्हटली. नंतर मुलीच्या हातात खिरीची वाटी देऊन तिला शेजारी पाठवले. सांगायला एकच वाक्य शिकवले होते: "आज बुद्ध पौर्णिमा आहे, ही आमच्याकडची खीर." शेजारच्या आजींनी वाटी घेतली आणि परत देताना तिच्यात चार आंबे घातले. दुसऱ्या एका घराने मात्र "आमचा उपवास आहे" म्हणून दार लावून घेतले. दोन्ही अनुभव मुलीसमोर आले, आणि दोन्हींवर घरात बोलणे झाले.

प्रत्येकाने असेच करावे, असा आमचा आग्रह नाही. जिथे घर किंवा नोकरी जाण्याचा खरा धोका आहे, तिथला निर्णय त्या कुटुंबाचाच. पण कुजबुजत केलेल्या सणातून मूल लाज शिकते आणि मोकळ्या आवाजातल्या सणातून आत्मसन्मान शिकते. माणसे दोन्हीकडे तेवढीच असतात.

बुद्धांनी गृहस्थाला काय सांगितले?

भिक्खूंसाठी विनय आहे, तसा गृहस्थासाठीही बुद्धांचा उपदेश आहे. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात राजगृहाचा तरुण सिगाल पहाटे ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत असतो. मरताना वडिलांनी तसे सांगितलेले असते. बुद्ध त्याची टिंगल करत नाहीत. ते दिशांचा अर्थच बदलतात. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी-मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारे आणि वरची म्हणजे श्रमण. या सहांशी नीट वागणे हाच दिशांचा नमस्कार. एका कर्मकांडाचे असे नातेसंबंधांत रूपांतर झाले.

याच सुत्तात संपत्तीचा नाश करणाऱ्या सहा वाटाही सांगितल्या आहेत. व्यसन आणि जुगाराबरोबर त्यांत सतत नाचगाण्याच्या तमाशांमागे धावणेही येते.

अंगुत्तर निकायातला दीघजाणु हा कोलिय गृहस्थ तर बुद्धांना सरळ सांगतो की आम्ही संसारी, मुलाबाळांच्या गर्दीत राहणारी माणसे, आम्हाला झेपेल असे सांगा. बुद्ध त्याला ज्या चार गोष्टी सांगतात, त्यांतली एक आहे समजीविता. म्हणजे तराजू धरणाऱ्याप्रमाणे आवक-जावक पाहून जगणे, उधळपट्टीही नको आणि कंजूषपणाही नको. सणासाठी हातउसने घेणाऱ्या आणि ते दिवाळीपर्यंत फेडत बसणाऱ्या घरांसाठी हा उपदेश आजही ताजा आहे.

कार्यक्रम कसा करावा?

२०२० साली टाळेबंदीत भीमजयंती आणि ७ मे रोजी आलेली बुद्ध पौर्णिमा आपण सर्वांनी घरातच साजरी केली. तेव्हा नाइलाज होता, पण अनेकांना पहिल्यांदाच आपल्या घरात स्वतःच्या तोंडाने वंदना म्हणावी लागली. तो अनुभव वाया जाऊ देऊ नये.

बोलावताना सिगालाच्या सहा दिशा आठवाव्यात. आई-वडील आणि मुले तर असतीलच. शाळेतले एखादे जुने शिक्षक, एक-दोन मित्र, घरकामाला येणाऱ्या ताई किंवा दुकानातला मदतनीस यांनाही बोलवावे. जवळ भन्तेजी असतील तर त्यांना आदराने निमंत्रण द्यावे. ते नसतील तर घरातल्या उपासक-उपासिकांनीच त्रिसरण-पंचशील म्हणावे, काही अडत नाही. शक्य असल्यास एक बौद्धेतर कुटुंबही असावे.

वेळ संध्याकाळची बरी. स्वच्छ, शक्यतो पांढरे कपडे. तथागतांची मूर्ती किंवा चित्र आणि बाबासाहेबांचा फोटो, समोर मेणबत्ती, फुले, अगरबत्ती. ही मांडणी का, हे मुलांना सांगावे: ज्योत प्रज्ञेची, सुगंध शीलाचा, आणि सकाळी उमललेले फूल संध्याकाळी कोमेजते ते अनित्यतेचे स्मरण. मग त्रिसरण, पंचशील आणि बुद्ध, धम्म, संघ वंदना. वंदना म्हणायला या वर्षी घरातल्या मुलीने किंवा सुनेने पुढे बसावे. पंचशीलातले एक शील निवडून त्याचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध, यावर प्रत्येकाने दोन मिनिटे बोलावे.

वाचनासाठी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आहेच. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत उद्भवलेला वाद आणि सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध हा प्रसंग मुलांसमोर वाचावा. पाण्यावरून भांडणे त्यांनी नळावरही पाहिलेली असतात. तू सिद्धार्थाच्या जागी असतास तर काय केले असतेस, एवढा प्रश्न पुरतो. शेवटी खीर, सुजाताच्या आठवणीची. ज्याला जमेल तेवढे दान एका डब्यात टाकावे आणि ते कुणाच्या वह्या-पुस्तकांना द्यायचे, हे मुलांनी ठरवावे.

काय टाळावे?

खिरीचा नैवेद्य करू नये, मूर्तीला नवस बोलू नये. बावीस प्रतिज्ञांचे स्मरण अशाच वेळी लागते. वंदना चालू असताना मोबाइल बाजूला ठेवावा. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे दहा माणसांच्या स्वयंपाकासाठी एकटी बाई दिवसभर शेगडीपाशी उभी असेल, तर त्या घरात समतेचे वाचन शोभत नाही. खीर पुरुषांनी ढवळावी, भांडी मुलांनी घासावीत.

एक काम आजच करण्यासारखे

१९५६ साली आई-बापाच्या बोटाला धरून नागपूरला गेलेली मुले आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहेत. कुणाच्या घरातून देव विहिरीत सोडले गेले, त्या रात्री कुणाच्या घरी भांडण झाले, शिदोरीला काय होते, हे त्यांनाच ठाऊक आहे. मिरवणुकीच्या आवाजात त्यांना हे सांगता येत नाही. दहा माणसांच्या खोलीत सांगता येते. या पौर्णिमेला आजी-आजोबांना मधोमध बसवा, एक प्रश्न विचारा आणि शांत राहा. त्यांची परवानगी घेऊन ते बोलणे लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवा.

मग दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या मिरवणुकीलाही जा. झेंडा कशासाठी हाती घेतला, हे त्या वेळी मुलांना सांगावे लागणार नाही.

नमो बुद्धाय, जय भीम!