नाल्याकांठचीं रानझाडें आणि जमिनीची पारख

बांधी पाडतांना किंवा पडीत तुकडा वहितीस आणतांना मातीची पारख हा पहिला प्रश्न असतो. प्रयोगशाळेंत माती तपासून घेणें केव्हांहि चांगलें. परंतु नमुना कोठून घ्यावा हें ठरविण्यास आधीं डोळ्यांनीं पाहावें लागतें. त्या कामीं नाल्याकांठीं आपोआप उगवलेलीं झाडें मोठा आधार देतात.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, वरोरा-राजुऱ्याकडे, काळी चिकण जमीन आहे. वैनगंगेच्या पूर्वेस, 1982 सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, ग्रॅनाईट व नीस खडकांपासून झालेली तांबूस, रेताड जमीन पुष्कळ आढळते. दोन्हीकडे पूर चढला कीं जाड वाळू प्रवाहाजवळ बसते व बारीक गाळ दूर संथ पाण्यांत उतरतो. म्हणून थोड्या पावलांच्या अंतरांत माती बदलते, आणि तिच्याबरोबर झाडेंहि.

कहू (अर्जुन), करंज व जांभूळ दाट दिसल्यास खालीं ओल टिकते असें समजावें. सागास तुंबलेलें पाणी सोसत नाहीं. तो जोमानें वाढला असेल तेथें निचरा चांगला. ऐन भारी मातींतहि तग धरतो. पळस चिकण, पाणथळ जागीं पुष्कळ माजतो. परंतु गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून अति चराईच्या रानांतहि तोच उरतो. यास्तव एका झाडावरून निवाडा करूं नये. तीन-चार जाती एकत्र पाहाव्या, आणि दोन हात खोल खड्डा खणून खात्री करून घ्यावी.

आतां मुख्य गोष्ट. एका तासाच्या लोभानें कांठ अगदीं पाण्यापर्यंत नांगरण्याची चाल आम्हांस घातक वाटते. कहूचीं मुळें, वाळ्याचे खोल जाणारे झुबके व कांसाचें जाळें यांनींच दरड धरून ठेविलेली असते. तीं निघालीं कीं पुराचें पाणी दरड खालून पोखरतें, वरची माती ढासळते, आणि मिळविलेल्या तासासह जुनें शेतहि जातें. शिवाय आरमोरीकडील टसराचे किडे ऐन व अर्जुन यांच्याच पाल्यावर पोसतात. तेव्हां हीं झाडें निरुपयोगी नव्हेत.

आमची सूचना इतकीच कीं, कांठाचा पट्टा राखावा, उघड्या दरडीवर पावसाळ्याच्या आरंभीं वाळ्याचे ठोंब लावावे, आणि नांगर त्याच्या आंत थांबवावा. राखलेला कांठ हाच नाल्याकडील खरा धुरा होय.