मासे धरणाऱ्याची विजार

मुलगा दूरदेशी असला म्हणजे आईचा अर्धा जीव तिकडे असतो, हे आपण सारेच म्हणतो. त्या म्हणण्याचा खरा अर्थ मला इ.स. २०१९ च्या श्रावणात कळला. ती हकीकत वाचकांस सांगण्याजोगी वाटते.

खानापूर व आटपाडी हे सांगली जिल्ह्यातील कायमचे अवर्षणाचे तालुके. शेतीवर भागेना, म्हणून तेथील माणसे गलाईचा, म्हणजे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा, धंदा शिकली आणि हिंदुस्थानभर पांगली. माझा एक विद्यार्थी असाच श्रीनगरास स्थायिक झाला. त्याची वृद्ध आई सांगलीस गावभागात आमच्या शेजारी एकटी राहत असे.

२०१८ च्या दिवाळीत तो आला, तो एक विचित्र वस्तू घेऊन. पावलांपासून छातीपर्यंत अखंड, पाणी आत न येणारी विजार; खांद्यावर पट्टे, कमरेस पट्टा. तिला 'वेडर्स' म्हणतात. इ.स. १९०० च्या सुमारास इंग्रजांनी काश्मिरात ट्राउट मासा आणून सोडला; तेथील बर्फगार ओढ्यांत उभे राहून गळ टाकणारे शौकीन ही घालतात. पूर्वी परदेशी पाहुण्यांस लिद्दर नदीवर मासेमारीस नेणाऱ्या त्याच्या घरमालकाने ती त्यास दिली होती. २०१४ च्या सप्टेंबरात झेलमला महापूर आला, तेव्हा हीच विजार घालून त्या गृहस्थाने ह्यास गल्लीतील पाण्यातून बाहेर काढले होते.

"आई नदीकाठी राहते, असू द्या," तो म्हणाला. "पण एक ध्यानात ठेवा, मास्तर. वाहत्या पाण्यात हिच्या भरवशावर उतरू नये. वरून पाणी आत शिरले की पाय उचलत नाही, काठावर चढता येत नाही. कमरेच्या वर पाणी आले की माघारी फिरावे."

आमच्या घरी ह्या वस्त्राची यथेच्छ थट्टा झाली. त्याच्या आईने मात्र ते जपून खुंटीस टांगले.

५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरचा विशेष दर्जा काढण्याचा निर्णय झाला आणि तेथील दूरध्वनी व इंटरनेट बंद पडले. त्याच आठवड्यात कृष्णा चढू लागली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी पुढे ५७ फुटांच्याही वर गेले. मुलास आईची खबर नाही, आईस मुलाची नाही.

७ तारखेस आमच्या गल्लीत पाणी मांडीपर्यंत आले. माझ्या पुतण्याने ती विजार चढविली, कमरेस दोर बांधला आणि म्हातारीस पाठुंगळी घेऊन उंचावरच्या रस्त्यास पोहोचविले. तिची पेटी मागे राहिली होती; तीत घराचे कागद व पाटल्या. पुतण्या पुन्हा निघाला. मीही, कबूल करतो, "जा" म्हणालो. पाणी आता कमरेवर आले होते व त्यास ओढ लागली होती. म्हातारीने दोर घट्ट धरला.

"पेटी गेली तर जाऊ द्या, मास्तर. लेकानं सांगितलंय ते मोडायचं न्हाई."

पेटी गेली. दुसऱ्याच दिवशी ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांची नाव उलटून माणसे बुडाल्याची वार्ता आली, तेव्हा मला तिच्या तोंडाकडे पाहवेना.

आम्ही तिला घेऊन साताऱ्यास आप्तांकडे राहिलो. रोज ती एकच पुसे, "तिथं त्याला कोण बघत असंल?" मजजवळ उत्तर नव्हते. इतक्या वर्षांत त्याच्या घरमालकाचे नावही मी कधी विचारले नव्हते. उलट, "पोरास परत बोलवा, तिथे आपले कोण आहे?" असाच उपदेश केला होता.

ऑगस्ट सरता सरता कोणाच्या तरी घरच्या दूरध्वनीवरून त्याचा आवाज आला. "आई कुठं आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न, "जेवलास का?" हा तिचा. घरमालकाकडून रोज भात येत होता.

तिने पेटीचे नाव काढले नाही. मी मात्र यंत्र हाती घेऊन प्रथम त्या गृहस्थांचे नाव विचारले आणि वहीत लिहून ठेवले. ज्यांची मुले परमुलखात आहेत, त्यांनी मुलाच्या शेजाऱ्याशीही आजच ओळख करून ठेवावी.