पाण्याच्या हिशेबातलं परडं

आटपाडी तालुक्यात वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ज्या माणदेशातली, तो हाच मुलूख. इथल्या घरच्या वनस्पतींवर लिहायचं तर सुरुवात कुंडीपासून करून चालत नाही, ती न्हाणीच्या पाण्यापासून करावी लागते. परड्यात कोणतं झाड कुठं आहे हे पाहिलं की त्या घराचा पाण्याचा हिशेब कळतो. न्हाणीच्या धारेला रोजची पानं, दाराशी तुळस-कढीपत्ता आणि कुंपणाला शेरडांनीही तोंड न लावलेली औषधं, अशी ही मांडणी असते.

पहिली जागा धारेची. गवती चहा, पुदिना, अळू यांना पाय ओले लागतात. गवती चहाचा एक ठोंब लावला की वर्षभरात त्याचे चार घरांना वाटण्याइतके फुटवे होतात. पुदिना तर बाजारातल्या जुडीतलाही लागतो. खालची पानं काढून काड्या पाण्यात ठेवल्या की आठवडाभरात मुळ्या धरतात. मात्र न्हाणीचं पाणी आता पूर्वीचं राहिलेलं नाही. राखेनं भांडी घासायचे तेव्हाची गोष्ट वेगळी. आता त्यात कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण असतो. म्हणून कच्ची खायची पानं, म्हणजे पुदिना आणि कोथिंबीर, तांदूळ-डाळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर वाढवावीत. आंघोळीचं पाणी केळीला किंवा शेवग्याला सोडावं. फिल्टरच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी कुंडीला रोज घालू नये. त्यात आधीच जड असलेल्या पाण्यातले क्षार आणखी दाटलेले असतात आणि ते कुंडीच्या मातीत साठत जातात.

कोथिंबिरीला थंडी मानवते, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस तिचे. धने हलकेच रगडून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि वाफ्यात पेरायचे. उन्हाळ्यात हेच रोप पानं धरायच्या आत फुलावर येतं. तो दोष बियाण्याचा नसतो, हवेचा असतो.

दुसरी जागा दाराची. तुळशीला ओंजळभर पाणी पुरतं, पण ते रोज लागतं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर रोप झुडपासारखं भरतं. कढीपत्ता मात्र इथल्या चुनखडीच्या जमिनीत रुसतो. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला, तर बहुधा जमिनीत असलेलं लोह मुळांना मिळत नाही. बायका आळ्यात आंबट ताक ओततात. आंबटपणानं मुळाशी थोडा फरक पडतो, पण त्याबरोबर शेणखतही द्यावं लागतं. पानओव्याची फांदी मोडून खोचली तरी जगते. जाड, लवदार पान बेसनात बुडवून तळलं की भजी होतात. साध्या ओव्याशी त्याचं कूळ जुळत नाही, पण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही तिखट वासाची द्रव्यं त्यातही असतात.

माणदेशाची कोरडी हवा एका कामाला फार सोयीची आहे, ते म्हणजे वाळवण. कढीपत्ता धुऊन कापडावर पसरायचा, घरात सावलीला ठेवायचा. उन्हात वाळवला तर रंग जातो आणि वासही उडतो. पान मुठीत दाबल्यावर चुरलं की कढईत कारळं, सुकं खोबरं, लसूण आणि लाल मिरची वेगवेगळी भाजायची, शेवटी पानं गरम कढईत नुसती परतायची आणि मीठ घालून सगळं जाडसर कुटायचं. बाजरीच्या भाकरीबरोबर ही चटणी महिनाभर पुरते.

तिसरी जागा कुंपणाची. अडुळसा जनावरं सहसा खात नाहीत, म्हणून तो कुंपणाला टिकतो. पानं वाफवून काढलेला रस खडीसाखरेबरोबर खोकल्याला देतात. या पानांतल्या वासिसिन या द्रव्यावरूनच खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झिन तयार झालं. तरी गरोदर बाईला अडुळसा देऊ नये. कोरफडीचा पिवळा चीक जोराचे जुलाब घडवतो. पान कापून उभं ठेवावं, चीक गळू द्यावा आणि मगच आतला गर भाजल्या जागी लावावा. गुटीत वेखंड उगाळायची चाल अजून आहे, पण त्यातलं बीटा-असारोन हे द्रव्य घातक मानलं जातं, तेव्हा तान्ह्या बाळाला ते देऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नको.

कुंपणाच्या औषधांना आटपाडीत एक नवी अडचण आहे. हा डाळिंबाचा तालुका. तेल्या रोग रोखण्यासाठी बागांवर पुन्हा पुन्हा फवारणी होते आणि वारा ती बांधावरच्या गुळवेलीवर, शेवग्यावर नेतो. डाळिंबाची वाळकी साल जुलाबावर जुनं औषध आहे, तिच्यात टॅनिन भरपूर. पण साल घ्यायची ती परड्यातल्या, न फवारलेल्या झाडाची. बांधावरचा पाला तोडण्याआधी औषध कधी मारलं होतं, हे शेजारच्या बागायतदाराला विचारावं.

कोरड्या माळावर काही पिकवण्याचा ध्यास इथं नवा नाही. औंध संस्थानानं 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी केली. तिथं कैदी भिंतीआड राहण्याऐवजी शेती करत. 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटामागे तीच वसाहत आहे आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. पुढे नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पाणी संघर्ष चळवळीनं भूमिहीनालाही पाण्याचा वाटा मागितला. आता कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळच्या टेंभूपासून टप्प्याटप्प्यानं उचलून तालुक्यात येतं. ज्याला शेत नाही त्याच्यासाठी परडं हीच शेती, हे त्या मागणीतलं शहाणपण घरच्या बागेलाही लागू पडतं. फक्त पाणी वाढलं म्हणून परड्यात तहानलेली झाडं भरू नयेत. सुवासिक झाडांना बेताचं पाणी मिळालं तर अनेकदा त्यांचा वास दाट राहतो.

पाण्यानंतरचा प्रश्न वनस्पतीच्या ओळखीचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी गुळवेलीवर संशोधन केलं, ते ती नेमकी ओळखून. कोरोनाच्या काळात मात्र घरोघर गुळवेलीचे काढे उकळले गेले. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या, खोडावर ठळक गाठी असलेल्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. वादाचा निकाल कुणाच्याही बाजूनं लागो, घरच्या माणसानं घ्यायचा धडा एकच आहे: न ओळखलेली वेल उकळू नये आणि ओळखलेलीही महिनोन्महिने पिऊ नये. कावीळ झालेल्यानं किंवा रोजच्या गोळ्या चालू असलेल्यानं आधी डॉक्टरांना सांगावं.

म्हणून रोपवाटिकेत जाण्याआधी शेजारी फांदी मागावी. त्या फांदीबरोबर तिचं नाव, तिला किती पाणी लागतं आणि ती कुणाला चालत नाही, एवढं विचारून घ्यावं. पुढच्या घराला फांदी देताना ही माहितीही सोबत द्यावी.